हप्ता गाडीनंच आणायचा

आमच्या आईनं नोकरीभर लोकांना सुया टोचल्या. एका दवाखान्यातल्या रक्त घ्यायच्या खोलीत ती कामाला होती. उंच स्टूल, कोपराखाली द्यायची छोटी उशी, आणि समोर बाही वर करून कावरीबावरी झालेली माणसं. कुणाची शीर सापडेना की बाकीच्या जणी हात टेकायच्या आणि आईला हाक मारायच्या. "थोडंसं दुखेल हं... झालं, झालं," असं म्हणेपर्यंत तिचं काम उरकलेलं असायचं. तिचा हात थरथरलेला कुणी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकते म्हणाली तेव्हा मला हसू आलं, पण काळजी वाटली नाही.

शिकण्याचं कारण बाबा. त्यांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला काहीतरी झालंय. समोर बघितलं की बरोबर मधोमध धुरकट डाग दिसतो. त्यावर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, आणि ते देणारं हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एकदा आई तापानं पडली होती म्हणून ते एकटेच टॅक्सीनं गेले. परत निघताना एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं. गेटाशी उभी असलेली आपलीच टॅक्सी समजून त्यांनी भलत्याच गाडीचं दार उघडलं. आतली बाई किंचाळली, लोक धावून आले, कुणीतरी त्यांची कॉलर धरली. घरी आल्यावर बाबा जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या गाडीतून नेणारं कुणी असेल तर जाईन. नाहीतर नाही." आणि पुढच्या दोन तारखा त्यांनी खरंच चुकवल्या. उरलेली नजर टिकवायची तर आता एकही इंजेक्शन चुकवून चालणार नाही, असं डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं. मी दुसऱ्या गावी नोकरीला. गाडी दारात उभी, आणि ती चालवणारे एकटे बाबाच होते.

तर आई शिकली. ते दोन महिने सरतात तोच परवानाही मिळाला. आणि पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली त्या दिवशी सिग्नलला उभ्या असलेल्या टॅक्सीला तिनं मागून ठोकलं. टॅक्सीचा बंपर एका बाजूनं लोंबकळला, लाल दिव्याची काच रस्त्यावर सांडली. आमच्या गाडीचं शेजारच्या सीटकडचं मडगार्ड आत बसलं.

टॅक्सीवाला उतरला तो दार भरूनच. स्टँडवर सगळे त्याला पैलवान म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. आधी तो यथेच्छ ओरडला. मग त्याचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. एका हातात पर्स, दुसऱ्यात किल्ली, आणि किल्ल्यांचा जुडगा नुसता वाजत होता.

"दादा, काय लागेल ते घ्या," आई म्हणाली. "ही गाडी मी विकून टाकते. परत हात लावणार नाही."

"पण निघाला कुठं होतात?"

मग आईनं भर रस्त्यात, मागच्या हॉर्नांच्या गोंगाटात, त्या परक्या माणसाला डोळ्याच्या पडद्यापासून कॉलर धरणाऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. पैलवाननं गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. विम्याच्या भानगडीत पडलं तर हेलपाटे, आणि तोवर टॅक्सी बसून. त्यामुळे आपसात मिटवायचं दोघांनाही बरं वाटलं. त्यानं ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन करून खर्चाचा आकडा विचारला. आई म्हणाली, आत्ता बँकेतून काढून देते.

"एकदम नकोत," पैलवान म्हणाला. "चार हप्त्यांत द्या. दर शुक्रवारी, मी सांगेन तिथं. आणि ताई, हप्ता गाडीनंच आणायचा. रिक्षानं आलात तर पैसे घेणार नाही."

आईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाबांना ती चकार शब्द बोलली नव्हती. "तो तुला खेळवतोय," मी म्हणाले, नंबर घेतला आणि त्याला फोन लावला.

"किती होतात ते सांगा, आत्ता पाठवते."

"तुम्ही ठोकलंत का?"

"नाही, पण—"

"मग तुमचे कशाला घेऊ?" आणि फोन बंद. पैसे बुडवणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. समोरून चालत येणारे पैसे परतवून लावणारा हा पहिलाच. मला त्याचा फारच संशय आला.

पहिला हप्ता त्यानं घराजवळच्या भाजीबाजारापाशी घेतला. दुसरा मोठ्या चौकापलीकडे, जिथं पाच रस्ते एकमेकांच्या अंगावर येतात. तिसरा उड्डाणपूल ओलांडून. चौथ्याला मी रजा टाकून आले आणि मागच्या सीटवर बसले, त्याला चांगलं सुनवायचं ठरवूनच. कुठं जायचंय हे आई सांगेना.

आई चालवत होती आणि पुटपुटत होती. ट्रक अंगावर आला की, "थोडंसं दुखेल हं." ट्रक निघून गेला की, "झालं, झालं." मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसले होते. चौक गेला, पूल गेला, आणि गाडी वळली ती थेट बाबांच्या हॉस्पिटलच्या गेटात. तिथून तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरणारा गोल गोल रस्ता, भिंती इतक्या जवळ की मी पोट आत घेतलं. खाली दोन खांबांच्या मध्ये पैलवान उभा होता, हात पसरून, जागा धरून. आईनं एका दमात गाडी त्या जागेत घातली. मी थक्क झाले. ही बाई मला माझ्या जन्मापासून माहीत होती.

पैलवाननं नोटा मोजल्या आणि म्हणाला, "पन्नास कमी आहेत."

आईनं समोरच्या खणातून चिल्लर गोळा करून दिली. त्यानं तीही मोजली. मला राहवलं नाही.

"महिनाभर तुमचा बंपर तारेनं बांधलेला," मी म्हणाले. "हे सगळं कशासाठी?"

"बंपरला काय, तार बांधली की चालतो महिनाभर," तो म्हणाला. "ताईंच्या हाताला तार कुठं बांधणार?"

सुनवायला आलेली मी त्याला खाली वाकून नमस्कार करणार होते, पण तोवर तो टॅक्सीत बसून निघूनही गेला होता. त्याला गॅरेज गाठायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात बाबांची तारीख होती. आम्ही तिघं गेलो. इंजेक्शन झालं, आई गाडी आणायला खाली गेली, आणि बाबा डोळ्यावर पट्टी लावून माझ्याबरोबर गेटाशी आले. तेच गेट. समोर ओळीनं गाड्या, त्यातल्या निम्म्या आमच्या गाडीसारख्याच पांढऱ्या. मी त्यांचा दंड धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पहिल्या गाडीवरून तळहात फिरवला आणि पुढे गेले. दुसरीवरूनही तसाच. तिसऱ्या गाडीच्या मडगार्डवर त्यांचा हात त्या बसलेल्या खड्ड्यात गेला आणि थांबला. मग हात पुढे सरकला, त्यांनी दार उघडलं आणि निर्धास्त आत बसले. शेजारी आई होती.

"हा खड्डा मी या आठवड्यात काढून घेते," मागच्या सीटवर बसता बसता मी बोलून गेले आणि जीभ चावली.

आईचे हात स्टिअरिंगवर गोठले.

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "मग आपली गाडी मी ओळखायची कशी?"

"तुम्हाला कधी कळलं?" आईनं विचारलं.

"त्याच संध्याकाळी. आणि दर शुक्रवारी भाजी आणायला दोन तास लागतात होय?"

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या शुक्रवारी गेली असतीस?"

मी मागून त्या दोघांकडे बघत राहिले. मग बाबांनी चाचपत पट्टा लावला आणि आईनं गाडी सुरू केली.