कोपरा फाडून बघणारा माणूस

कागद हातात आला की आधी त्याचा कोपरा फाडायचा आणि मग वाचायचा, अशी त्यांची रीत. फाटलेली कड उजेडाला धरून तंतू बघायचे आणि निकाल द्यायचे, "दम न्हाई."

जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते नमुने पारखायचे. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना नमुनेवाले म्हणत. मी शेजारच्या टेबलावर पत्रव्यवहार बघायचो, म्हणजे फाटक्या कोपऱ्यांचे कागद सांभाळायचो. आमचे मालक मारवाडी. त्यांच्यात कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. नमुनेवाले नवे आले त्या आठवड्यात मालकांनी दोनदा डोक्यावरून अंघोळ केली.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशेजारी बसून डोकं शाबूत राहील का? माझं तसंही लवकर तापतं.

संक्रांत महिनाभरावर आली की नमुनेवाले कार्डाच्या कागदाला निघायचे. वडीगोद्रीला त्यांचे थोरले भाऊ होते, त्यांना दरसाल हातानं केलेलं शुभेच्छापत्र जायचं. ताव वाकवून बघायचा, घडीवर तडा गेला की नापास. थेंबभर शाई टाकायची, पसरली की नापास. दुकानदार त्यांना लांबून बघितलं की चांगला माल आत सरकवायचे. एके वर्षी ते कागजीपुऱ्याला जाऊन हातकागद घेऊन आले. कागद पास झाला की त्यावर ऊस, हरभऱ्याचे घाटे आणि बोरं रंगवायचे. बोरं कांद्यासारखी दिसायची. खाली संक्रांतीची ठरलेली ओळ आणि सही. बास.

भावाचं उत्तर कधीच आलं नाही.

"औंदा कागद कमी पडला," ते म्हणायचे आणि पुढच्या वर्षी आणखी जाड कागद शोधायचे.

भावाच्या अबोल्याचं कारण मला फार उशिरा कळलं. मुलीच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेचा कागद निवडायला हे तीन दिवस छापखान्यात ठाण मांडून बसले. मजकूर मात्र तिथल्याच माणसावर सोडला. पत्रिका झाली देखणी, वाटूनही झाली, आणि निमंत्रकांत थोरल्या भावाचं नावच नव्हतं. आईवडिलांच्या मागं ज्यानं ह्यांना वाढवलं, त्याचं. भाऊ लग्नाला आले नाहीत. अक्षतांच्या वेळी नमुनेवाले मांडवाच्या दाराकडेच बघत होते म्हणे.

हे ऐकून मी चिडलोच. चूक झाली असं एकदा लिहून का टाकत नाही, असं विचारलं. "कागद चांगला असला की समजतंय माणसाला," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला. नमुनेवाले जालन्यातली सगळी दुकानं फिरले, अंबडपर्यंत जाऊन आले. संक्रांत आठ दिवसांवर आली तेव्हा टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "औंदा राहू द्या. दादाला भलतासलता कागद न्हाई पाठवायचा." भावाला सत्तरी उलटली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मला राहवलं नाही. कचेरीतल्या एका जुन्या पत्राचा, एका बाजूनं कोरा असलेला अर्धा भाग फाडून त्यांच्यापुढं ठेवला. पिवळा, खरबरीत, मागची शाई पुढं उमटलेली. म्हटलं, याच्यावर बोरं निघणार नाहीत, लिहावंच लागेल.

ते सुटीचा भोंगा होईपर्यंत बसून राहिले. लिहिलं तेवढं मला दाखवलं. "दादा, पत्रिकेत तुमचं नाव राह्यलं. मी कागद बघत बसलो, वाचलं न्हाई."

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी जिनच्या फाटकाशी बैलांची दमणी येऊन थांबली. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा खाली उतरला. नमुनेवाले हातातला कापूस तसाच घेऊन बाहेर गेले आणि त्या म्हाताऱ्याच्या पायावर वाकले ते उठेचनात. भावानं दंडाला धरून उठवलं.

"नऊ वर्षं नुसती बोरं धाडली," भाऊ म्हणाले. "दरसाल उलटून बघायचो मी, मागं काही लिवलंय का."

सगळ्या कामगारांसमोर नमुनेवाले लहान पोरासारखे रडले. खोटं कशाला सांगू, मलाही फाटकाकडं पाठ करून उभं राहावं लागलं.

भर हंगामात, रजा न मागता, ते दमणीत चढले. मालक विचारतील तर काय सांगायचं हेही बोलले नाहीत. मी वळणापर्यंत बघत राहिलो. दमणीत जागा भरपूर होती, पण दोघं अगदी चिकटून बसले होते.