थंड पाण्यात बसलेली अम्मी

जानेवारीत इथे आखातात, वक्राच्या किनाऱ्यावर ओहोटी असली की कमरेएवढं पाणी लागेपर्यंत बरंच आत चालावं लागतं. समुद्र उथळ आहे, तळाला घट्ट वाळू. जुन्या लाकडी बोटी बांधलेल्या असतात, तिथे धक्क्याच्या आडोशाला इथल्या जुन्या घरांतल्या बायका पूर्वीपासून कपड्यांसकट आंघोळीला येतात. आता त्या क्वचितच दिसतात. या हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी तिथे लोकरीच्या टोप्या घालून पोहणाऱ्या तीन-चार गोऱ्या बायका असायच्या, आणि माझी अम्मी.

अम्मीला पोहता येत नाही. सलवार-कमीजवर अब्बांचा जुना स्वेटर चढवून ती चालत जायची आणि पाणी कमरेला लागलं की गळ्यापर्यंत बुडेल अशी खाली बसायची. उत्तरेचा वारा सुटला की ओठ निळे पडायचे. मी टॉवेल घेऊन काठावर उभी. अब्बा गाडीत, हीटर लावून.

"तुझी आई हल्ली म्हावरं झालीय," ते म्हणायचे.

"मग तुम्ही मांजर," अम्मी म्हणायची. "बसा काठावर वाट बघत."

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे सुरू झालं.

नोव्हेंबरमध्ये अम्मीला भाकरी थापता येईनाशी झाली. उजव्या हाताची बोटं ऐकत नव्हती. कपड्यांचे चिमटे हातातून पडायचे. महिनाभर तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट ऐकायला अब्बांना सुट्टी मिळाली नाही म्हणून मी गेले. डॉक्टर सुदानी होते, आवाज मऊ. अम्मीला इंग्रजी येत नाही म्हणून ते माझ्याशी बोलले. स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. हे उलटवणारं औषध नाही. काही वर्षं, कदाचित कमी. अम्मी त्यांच्याकडे बघून अधूनमधून मान हलवत होती, पाहुण्यांसमोर हलवतात तशी.

त्यांनी विचारलं, दुभाषा बोलावू, की तुम्ही सांगाल? त्या लहानशा खोलीत आणखी एक अनोळखी माणूस यावा असं मला वाटलं नाही. मी म्हटलं, मी घरी सांगेन.

पार्किंगमध्ये अम्मीने विचारलं, "काय बोललान?"

मी म्हटलं, "शिरा आखडल्यात. वेळ लागेल."

माझं मराठी घरातलं आहे: वाढ, पुरे, चावी कुठाय. अम्मी तिच्या बोलीत विचारते, मी इंग्रजी मिसळून दोन-तीन शब्दांत उत्तर देते, शाळेपासून असंच चालत आलंय. लिहायला बसलं की शब्द सापडतात, कारण रत्नागिरीतल्या सुट्ट्यांमध्ये अक्षरं तिनेच गिरवून घेतली होती. बोलताना सापडत नाहीत. पण ही सबब पुरेशी नाही. अब्बांना इंग्रजी चांगलं येतं. त्यांनाही मी तेच वाक्य सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अम्मी एकदम हलकी झाल्यासारखी बोलली. "शिराच हायत तर घाबरायचा कशाला? आमच्याकडे अशा माणसाला थंडीत खाडीत बसवायचे. खारा पाणी शिरा मोकल्या करतो." तिने रत्नागिरीला बहिणीला फोन लावला. बहिणीने सांगितलं, चाळीस बुड्या, एका दिवशी एकच, मध्ये सोडायचं नाही. अब्बांनी जागा शोधली. मी पुढच्या शुक्रवारी सांगेन असं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या.

थंडीने तिचा हात आणखी लाकडासारखा व्हायचा. गाडीत मी तिच्या कोरड्या कमीजची बटणं लावायचे, चहाचा कागदी कप तिच्या ओठांशी धरायचे. ती म्हणायची, "दवा लागू पडतेय गो. आधी आजार वाढतो, मग उतरतो."

फेब्रुवारीत तिचं उजवं पाऊल वाळूत ओढल्याची रेघ उमटू लागली. मी ती अब्बांना दाखवली नाही.

एका शुक्रवारी ती गुडघाभर पाण्यातच पडली. हात टेकून उठायला गेली तर हात दुमडला आणि तोंड पाण्याखाली गेलं. मी जीन्स-बुटांसकट धावले. पाणी इतकं गार होतं की माझा श्वास अडकला. तिला बसती केली तर ती खोकत हसत होती. "तू पण बुडी मारलीस? आता तुझ्या पण शिरा मोकल्या."

मी म्हटलं, "अम्मी, it's not the शिरा."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. केसांतून पाणी गळत होतं. "मग काय हाय?"

एक गोरी बाई पाण्यातून चालत जवळ आली. "तुझी आई फार धीट आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "आम्ही नेहमी बोलतो तिच्याबद्दल."

मी थँक यू म्हटलं.

"काय बोलली?" अम्मीने विचारलं.

"तू धीट आहेस म्हणाली."

अम्मीला इतका आनंद झाला की तिने आधीचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. मीही ती विसरली असंच धरून चालले. गाडीपर्यंत तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता.

मार्चमध्ये पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. अब्बांना तेव्हाही सुट्टी नव्हती. डॉक्टरांनी तिची बोटं दाबून पाहिली, पाय उचलायला सांगितला, आणि बराच वेळ टाइप करत राहिले.

"त्याला सांग," अम्मी म्हणाली, "समुद्राच्या पाण्याने फरक पडतोय. नीट सांग हां."

मी नीट सांगितलं. डॉक्टरांनी टाइप करणं थांबवलं. माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, यांना माहीत आहे ना?

मी हो म्हटलं.

मग अम्मीकडे बघत ते मला म्हणाले: त्यांना ज्याने बरं वाटतं ते करू द्या, पण पाण्यात एकटं सोडू नका, आणि लवकरच व्हीलचेअरबद्दल बोलावं लागेल.

"काय बोललान?"

"चालू ठेवा म्हणाले."

अम्मीने डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला, वरून ओढणी सारखी केली. "बघ," ती म्हणाली. "आता पाणी गरम होईल. पुढच्या थंडीत नोव्हेंबरपासूनच सुरू करू, आठवड्याला दोनदा, म्हणजे चाळीस पुऱ्या होतील."

"इन्शाल्ला," मी म्हटलं, आणि तिला उठवायला दोन्ही हात तिच्या काखेत घातले.