चपलांपाशी ठेवलेला डबा

"डबा इथेच राहू दे," मंजिरीताई म्हणाल्या. "आत पडद्यांना वास बसतो गं."

इथेच म्हणजे दारात. चपलांच्या मांडणीवर, कुणाच्या तरी सँडलशेजारी. मी ठेवला. निमूट ठेवला. त्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो, आजही.

खोताच्या वाडीतलं त्यांचं लाकडी घर. मंजिरीताई निवृत्त प्राध्यापिका. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे आमचा वाचनगट जमायचा. विषय एकच, अन्न. माती कशी जगवायची, रेशनवर काय मिळावं, ते कोण ठरवतं. मी परळच्या एका इस्पितळात कारकून. शेत पाहिलेलं ते एसटीच्या खिडकीतून. पण नाचणीला पाणी किती कमी लागतं आणि तरी सरकारदरबारी तिला मान का नाही, हे मला त्या पुस्तकांनी शिकवलं. गटात सगळ्यात जास्त खुणा माझ्याच पुस्तकात असायच्या.

एका बैठकीत वाया जाणाऱ्या अन्नाचं प्रकरण वाचायला आलं. जनावर मारलं तर त्याचा कुठलाच भाग फेकू नये, असं त्यात होतं. गट भारावून गेला. "किती सुंदर विचार," कुणीतरी म्हणालं.

आमच्या परळच्या चाळीत हा विचार नव्हता. रविवारचं जेवण होतं. ज्यांना परवडायचं ते मटण न्यायचे, आई वजडी आणायची. बकऱ्याचं पोट, आतडी. शाळेत कुणी विचारलं डब्यात काय, तर मी मटण सांगायचे. लहानपणापासून लपवलेली गोष्ट पुस्तकात छापलेली दिसली. वाटलं, संपली आता लाज. मूर्ख होते मी.

गटात ठरलं, पुढच्या वेळी प्रत्येकाने काहीही वाया न घालवणारा एक घरचा पदार्थ आणायचा. आईने सकाळी वजडीला चुना लावला, गरम पाण्यात घालून खरवडून खरवडून पांढरी केली. सुकं खोबरं भाजून वाटलं. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. निघताना म्हणाली, "शिकलेली माणसं खाणार. मीठ बघितलंस ना?"

दारात मंजिरीताईंनी डब्यात काय ते विचारलं, मी वजडी म्हटलं, आणि तो डबा चपलांपाशी.

आत टेबलावर दोडक्याच्या शिरांची चटणी होती. कलिंगडाच्या सालीची भाजी होती. आणि जवळ्याची चटणी. सुक्या जवळ्याचा वास मला जिन्यातच आला होता. तो पडद्यांना चालत होता. म्हणजे भानगड वासाची नव्हती. मांसमच्छीचीही नव्हती. कुणाच्या घरचं आहे, एवढंच बघितलं गेलं होतं.

मी काय केलं? सालीची भाजी खाल्ली आणि "छान झालीय" म्हटलं.

मग मंजिरीताईंनी तेच प्रकरण पुन्हा वाचलं. संथ, गोड आवाजात. वाचून माझ्याकडे वळल्या. "तू बोल ना. तुमच्या लोकांकडून किती शिकण्यासारखं आहे आम्हाला. आणि ती कृती लिहून दे, आपण गटाची पाककृतींची पुस्तिका काढतोय ना, तीत घेऊ. वजडीऐवजी मशरूम घालू, म्हणजे सगळ्यांना करता येईल."

तुमच्या लोकांकडून. तीन महिने मी त्यांच्याच शेजारी बसून वाचत होते.

मी उठले. दारातून डबा आणला. दोडक्याच्या शिरा बाजूला सारल्या, मधोमध ठेवला आणि उघडला. एक बाई खुर्ची मागे घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"आता वाचा ते पान," मी म्हटलं.

"अगं, तू उगाच मनाला लावून घेतेस."

"कृती मिळणार नाही. हवी असेल तर परळला या. आईसमोर जमिनीवर बसा. आधी खा, मग विचारा."

कुणीच हात पुढे केला नाही. मग मी बसले. भाकरी मोडली आणि त्यांच्यादेखत पोटभर जेवले. बोटं चाटून. मीठ बरोबर होतं.

घरी आई दारातच उभी. "आवडली काय गं त्यांना?"

शाळेतली सवय जिभेवर आलीच होती. खोटं अगदी तयार होतं. पण म्हटलं, "नाही. डबा चपलांपाशी ठेवायला लावला. मी आत नेला आणि एकटीने खाल्ला."

आईने उरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या. "परत जाऊ नकोस तिथे," म्हणाली.

जाणार. पुस्तकं काही त्यांच्या बापाची नाहीत. माती, बियाणं, रेशन, सगळं वाचणार, आणि जिथे खोटं वाटेल तिथे भर बैठकीत बोलणार. मशरूम घातलेली आईची वजडी त्यांच्या पुस्तिकेत कधी छापू देणार नाही.

पुढच्या बैठकीच्या रविवारी आई करणार नसेल तर वजडी मी खरवडीन. त्या दारात चपला काढीन. डबा घेऊन आत जाईन.