हा रिपोर्ट कुणाचा ओ?

अक्का पुरुषांची नावं मोठ्यानं घ्यायच्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. पहिल्या मजल्यावरचा तो लॅबचा हॉल माणसांनी भरलेला असायचा. बायका बाकावर ओळीनं बसलेल्या, त्यांचे नवरे भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हा पुन्हा वाचत उभे, आणि आतून तो खणखणीत आवाज यायचा. ज्याचं नाव निघालं तो पोलिसांनी पुकारा केल्यासारखा दचकायचा. बाकी दवाखान्यांत आम्ही नुसते 'वैशालीचे मिस्टर'. केसपेपर बायकोच्या नावाचा, फाइल बायकोच्या नावाची, आणि आमची तपासणी झालीच तर तो कागद त्याच फायलीत कुठंतरी तळाला टाचलेला. अक्कांकडे ते चालत नसे. "तपासणी कुणाची हाय? तुमची ना? मग पेपर तुमच्या नावाचा," म्हणत त्या कोरा कागद पुढ्यात ओढायच्या.

सोलापुरात पुरुषांच्या वीर्याची तपासणी एक बाई करते, हे कळल्यावर काही वीर जिन्यावरूनच परत फिरायचे. अक्का पूर्व भागातल्या विणकर घरातल्या. घरात तेलुगू, लॅबमध्ये मराठी, फोनवर दोन्हीची मिसळ. त्यांचं खरं नाव रिपोर्टखालच्या सहीत असायचं, पण ती सही कुणाला लागायची नाही. सगळ्यांच्या त्या अक्का. तीस-एक वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढलेली, त्यामुळे समोरच्याशी बोलतानाही त्यांचा एक डोळा आपोआप बारीक व्हायचा. आपल्या पोटातलं सगळं ह्या बाईला दिसतंय असं वाटायचं. माझ्या बाबतीत ते खरंच झालं.

काचेखाली बघायच्या आधी त्या माणूस बघायच्या. "तंबाखूचा मावा खाता? दिवसाला किती पुड्या? खरं सांगा की ओ, मी काय तुमच्या घरी सांगायला येणार न्हाय." मग दारू, बिडी, झोप, दिवसभर बसून काम की उभ्यानं, घट्ट पँट, मांडीवरचा लॅपटॉप. एकदा माझ्यासमोर जिमवाला एक गडी आला. दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवायच्या बेतात. त्याच्या रिपोर्टात एकही शुक्राणू नव्हता. अक्कांनी त्याला विचारलं, "इंजेक्शनं घेता का?" तो म्हणाला, "पॉवरची घेतो." अक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! बाहेरनं मर्दानी टोचली की आतला कारखाना बंद पडतो, हे त्या जिमवाल्यानं सांगितलं न्हाय का? आधी इंजेक्शनं थांबवा आणि डॉक्टरला भेटा. तुमचं तुमच्या मनानं दुसरं काय सुरू करू नका." तो एवढा मोठा पैलवान मान खाली घालून "व्हय अक्का, व्हय अक्का" करत होता. मला हसू येत होतं. माझी पाळी यायची होती, म्हणून तेवढं हसून घेतलं.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय अक्का कळायच्या नाहीत.

लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आधीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोघांचीही तपासणी करू. मला घाम फुटला. माझा शेंगदाणे भाजायचा धंदा. दहा माणसांत उठबस. माझ्यात काही निघालं तर? मी म्हटलं, सॅम्पल घरून आणतो. आणि मी काय केलं, तर दोन पोरांच्या बापाला, माझ्या एका दोस्ताला, गळ घातली. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "आण ती डबी." रिपोर्ट आला: सगळं उत्तम. मी तो आईला दाखवला. आई म्हणाली, "मला ठावं हुतंच की, माझ्या लेकात काय बी न्हाय." तिथून पुढं दोन वर्षं वैशालीच्या अंगावर सगळं आलं. गोळ्या, पोटातली इंजेक्शनं, गर्भनळ्यांची तपासणी. त्या तपासणीच्या दिवशी ती रिक्षात ओठ चावून बसली होती आणि मी तिला धीर देत होतो! शिवाय आईची मैंदर्गीहून मागवलेली कडू पावडर आणि येता-जाताचे टोमणे वेगळेच. ती एकदाही उलटून बोलली नाही. मी सगळं बघत होतो आणि मावा चोळत होतो.

शेवटी वैशालीचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून बघायचं ठरलं. ते करणाऱ्या नव्या डॉक्टरांनी, नवऱ्याची तपासणी पुन्हा करून आणा, म्हणून अक्कांकडे पाठवलं. ऑपरेशन गुरुवारी, आम्ही गेलो सोमवारी. घरून आणतो म्हटल्यावर अक्कांनी डोळा बारीक केला. "घर लांब हाय का? न्हाय ना? मग खोली तिकडं हाय, कडी आतनं हाय." सुटका नव्हती.

तासा-दीड तासानं त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. टेबलावर जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी. नव्यात शुक्राणू अगदी थोडे, आणि होते तेही जागचे हलेनात.

"माणसाचा आकडा वर-खाली होतो," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मोठा ताप येऊन गेला तरी पडतो. ताप आला होता?"

"नाही."

"कावीळ? काही मार लागला? ऑपरेशन?"

"नाही."

"मग हा पहिला रिपोर्ट कुणाचा ओ?"

मग मी सांगून टाकलं. वाटलं होतं, आता बाई कानशिलात देईल. दिली असती तर बरं झालं असतं. त्या दाराच्या काचेतून बाहेर बाकावर बसलेल्या वैशालीकडे बघत राहिल्या. "गुरुवारी हिचंच पोट उघडणार होते का?" एवढंच म्हणाल्या. मग दोन्ही कागद माझ्या हातात दिले. "मी तिला सांगणार न्हाय. हे तुमच्या तोंडानं जायला पाहिजे. आणि आत्ता. घरी जाऊन सांगतो म्हणाल तर तुमी जन्मात सांगणार न्हाय, मला माहीत हाय की."

मी त्या बाकावर बसून सांगितलं. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "इंजेक्शन घेताना तुम्ही माझा हात धरायचात." मग उठली, जिना उतरली आणि संध्याकाळच्या गाडीनं वेळापूरला माहेरी गेली. ऑपरेशन रद्द झालं. तिचा फोन बंद.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा अक्कांकडे. दुसरं जायचं कुठं? त्यांनी खुर्ची दिली. सकाळीच डॉक्टरांनी मला तपासून औषधं लिहिली होती, अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या वगैरे नव्हत्या. मावा आणि भट्टी हे दोन मोठे संशयित होते. अक्का म्हणाल्या, "आज काचेखाली जे दिसतं ना, ते तीन महिन्यांपूर्वी मागावर चढवलेल्या सुताचं कापड. आज चांगलं सूत चढवा, तीन महिन्यांनी बघू." माझ्या भट्टीचं तोंड नेमकं कमरेच्या उंचीला. बारा वर्षं मी तिथं दिवसदिवस उभा. मी हुशारीनं म्हटलं, "उद्यापासून दुसरा माणूस उभा करतो." अक्का उखडल्या. "म्हणजे तुमचं दुखणं पगार देऊन दुसऱ्याला? त्याला बायको न्हाय काय?" मग मी भट्टीपुढं विटांचा आडोसा बांधला, झाऱ्याचा दांडा हातभर लांब करून घेतला आणि पाळ्या लावल्या. मावा सोडताना मात्र पहिले पंधरा दिवस मी माणसात नव्हतो. गिऱ्हाइकांवर खेकसायचो. जीभ वळवळायला लागली की अक्कांना फोन लावायचो. त्या म्हणायच्या, "दाणे भाजता ना? मग दाणे खावा," आणि फोन ठेवायच्या.

तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. पुरता नाही, पण चांगलाच. मी आनंदानं म्हणालो, "हा घेऊन आजच वेळापूरला जातो."

"कशाला?"

"तिला दाखवायला."

"त्यानं तिचं काय भलं होणार ओ?" अक्कांनी विचारलं. "ती काय तुमच्या आकड्यावर रुसून गेली? तुमच्या आईला सांगितलं का, दोष कुणात हाय ते?"

नव्हतं सांगितलं. आईला अजून वाटत होतं, सून भांडून गेली. तीन महिने मी दाणे खाल्ले, लवकर झोपलो, सगळे नियम पाळले; पण हे एक वाक्य काही माझ्या घशातून बाहेर निघालं नव्हतं. अक्कांनी मग दुसरं काही विचारलंच नाही. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

त्या दिवशी घरी आई भाकऱ्या थापत होती. मी चुलीशेजारी बसून सांगितलं. आई पहिल्यांदा म्हणाली, "हळू बोल, शेजारी ऐकत्याल." मी मुद्दाम पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "मी लई बोलले रे त्या पोरीला." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून पिशवी भरली. वेळापूरला पोचल्यावर व्याह्यांच्या घरात, चारचौघांत, आईनं वैशालीचे हात हातात घेतले. "तुझ्यात काय बी न्हवतं गं माय. माझ्या लेकात हुतं, अन् त्यो खोटं बोलला." मी मान खाली घालून उभा होतो. वैशाली आठ दिवसांनी आली. येताना एवढंच म्हणाली, "आले आहे. राहीन की नाही, ते बघते."

पुढं काय झालं ते वाचणाऱ्यांना हवं असणार, म्हणून सांगतो. आम्हाला मूल झालं नाही. रिपोर्ट चांगला होता, डॉक्टरांनी दोनदा उपचार केले, दोन्ही वेळा फुकट गेले. अक्कांनी आधीच बजावलं होतं, "रिपोर्ट सुधारला म्हणजे पाळणा हलला असं न्हाय. मी खोटी आशा विकत न्हाय." तिसऱ्या वेळेला वैशाली म्हणाली, "आता बास. माझ्या पोटाला सुट्टी द्या." मी हो म्हणालो. त्या रात्री पोटभर रडलोही. पण अक्कांवर कधी राग आला नाही. माझ्या हातून एका निरोगी बाईचं पोट उघडलं जायचं राहिलं, ते त्यांच्यामुळे. आमचं घर राहिलं, तेही त्यांच्यामुळे. हे उपकार फेडायचे कसे, मला खरंच कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अक्का निवृत्त झाल्या. मुलाकडे हैदराबादला कायमच्या निघाल्या होत्या. शेवटच्या दिवशी आम्ही दोघं शेंगाची चटणी घेऊन गेलो. लॅबमध्ये गर्दी नव्हती. अक्का टेबलाचे खण रिकामे करत होत्या. त्यांनी वैशालीला शेजारी बसवून घेतलं, आईची चौकशी केली. चहा झाला. मग वैशाली अचानक म्हणाली, "अक्का, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही पकडलं नसतं, तर ह्यांनी मला सांगितलं असतं का हो?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

अक्कांनी एक डोळा बारीक केला. "मला काय विचारता? ते बसलेत की समोर."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. 'हो' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. कुणाला खरं-खोटं कळणार होतं?

"नसतं सांगितलं," मी म्हणालो. "ऑपरेशन होऊ दिलं असतं."

वैशालीनं श्वास सोडला. "हे 'हो' म्हणाले असते ना अक्का," ती म्हणाली, "तर मी इथूनच वेळापूरची गाडी धरणार होते." मग तिनं माझ्या हातातली चटणीची पिशवी घेतली, अक्कांच्या पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाली, "चला, आईंचं औषध घ्यायचंय."