नारळ, अण्णा आणि जुना सर्व्हर

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. सर्व्हर बंद पडला तर मी वायर बघतो, नारळ फोडत नाही. म्हणजे... एकदा फोडला होता. ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही.

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी आयटी बघतो. अकरा वर्षांपूर्वी अण्णा माझे सीनियर होते. विणकर घरातले, घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. खंडेनवमीला मागांची पूजा होते तशी ते आमच्या डोमेन कंट्रोलरचीही करायचे. कारखान्यात कुणी लॉगिन करायचं नि कुणी नाही, हे ठरवणारा सर्व्हर तो. त्या वर्षी अण्णा झेंडू आणायला गेले आणि मी उत्साहात रॅकपाशीच नारळ फोडला. पाणी थेट यूपीएसमध्ये! दोन दिवस कारखाना ठप्प. पूजेचं खूळ अण्णांचं, म्हणून मालकांनी त्यांनाच धरलं. मी गप्प बसलो. अण्णा एक शब्द न बोलता नोकरी सोडून गेले. त्यांचं खातं मीच डिलीट केलं... माझ्याच हातानं.

यंदा तो सर्व्हर बदलायला घेतला. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी आणि माझी सहकारी शाहीन कामाला बसलो. माहिती नव्या सर्व्हरमध्ये उतरत असताना जुना मध्येच बंद पडला. परत चालू केला तर रिकव्हरी पासवर्ड मागायला लागला. बॅकअपही तिथेच अडला. पासवर्ड ठेवलेला अण्णांनी. उद्या सकाळी कुणालाच लॉगिन होणार नव्हतं, आणि उद्याच परदेशी जाणाऱ्या मालाचा कंटेनर निघायचा होता.

"सर, अण्णांना फोन लावा की," शाहीन म्हणाली.

"फोनवर नको. जाऊनच येतो."

जुन्या मशीनला जळका वास येत होता, म्हणून निघताना मी त्याची वायर काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली. हे लक्षात असू द्या.

कुंभारी गावी अण्णा घराच्या अंगणात शेंगा फोडत बसले होते.

"ये रे जोशी! अकरा वर्षं वाट चुकला व्हतास काय?"

पासवर्ड विचारायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं भलतंच. "अण्णा, त्या दिवशी नारळ मी फोडला होता."

ते असे हसले की मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"म्हाईत हाय की! फुलं घेऊन आलो तवा तुझी पँट भिजलेली, अन् चेहरा खोबऱ्यागत पांढरा!"

"मग मालकांना सांगितलं का नाही?"

"तुझी लेक पाळण्यात व्हती ना बाबा. मला हितं शेती तरी व्हती." मग हळूच म्हणाले, "येशील म्हणून लई वाट बघितली रे."

वैनी आतून ओरडल्या, "रडवू नका त्याला, आधी चहा घेऊ द्या!"

मी रडत होतो की हसत होतो, देव जाणे. पासवर्ड विचारला तर म्हणाले, "कुटला पासवर्ड? मला आता मोबाईलचा आठवत न्हाय!"

तेवढ्यात शाहीनचा फोन. "सर, जुनं मशीन चालू झालं! सगळं नव्यात उतरलं!"

"तू वायर लावलीस?"

"वायर तर... टेबलावरच आहे, सर."

मी पोचलो तेव्हा जुनं मशीन निपचित पडलेलं. नव्यात लॉगिनचं एकूण एक नाव आलेलं. नव्याच्या लॉगमध्ये नोंद होती – अकरा बेचाळीसला लॉगिन. अण्णांच्या खात्यातून. जे मी अकरा वर्षांपूर्वी डिलीट केलं होतं! शाहीनचा फोन अकरा सेहेचाळीसचा. म्हणजे मी अण्णांना खरं सांगत होतो, त्याच सुमाराला...

दोन जाणकारांना लॉग दाखवला. एक म्हणाला, घड्याळ चुकलं असेल. दुसऱ्यानं लॉगचा फोटो काढून नेला.

मालकांनाही सगळं सांगून टाकलं. त्यांनी स्वतः अण्णांना खंडेनवमीला बोलावलं. अण्णांनी नव्या सर्व्हरला हार घातला, नारळ माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर ओरडले, "गेटाबाहेर जा, तितं फोड!" अख्खा कारखाना हसला. मी सगळ्यात जास्त.

जुना सर्व्हर भंगारात द्यायचा कागद माझ्या टेबलावर पडून आहे. सही होत नाही. शेजारीच ती वायर आहे, मी गुंडाळली होती तशीच.