मोडलेला दिवस
पासष्ट साली मी कैतानमामांना नीरा म्हणून आंबलेली ताडी पाजली, निव्वळ गंमत म्हणून. वसईचे हे सुतार तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होते आणि घिवलीत आमच्याकडे राहत. त्यांची तीन मुलं जन्मताच गेली होती. बायकोच्या पोटातलं चौथं जगावं म्हणून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस ते ताडी वर्ज्य करून एकवेळ जेवत होते. चव कळताच ते घशात बोटं घालून ओकत राहिले.

"मामा, देव एवढा हिशेबी नसतो."

"तुजी पोरं गेलीत काय?"

मोडलेला दिवस भरून काढायला ते ईस्टरलाही उपाशी बसले. लाजून मीही सोबत उपास कबूल केला, पण दुपारी आईने बोंबील तळले.

मंगळवारी वसईहून पत्र आलं. मुलगी झाली होती, दूध पीत होती.

मामा रडले, मग माझ्याकडे वळले. "तुजा दिवस ऱ्हायला हाय."

अजून राहिलाच आहे.