तिचा रिपोर्ट आणि माझा

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हापासून भावकीत कुठेही देवाचा स्वयंपाक असला की माझ्या बायकोला बोलावणं यायचं. तिच्या हाताला चव होती, पण कारण ते नव्हतं. तिची पाळी सहा-सहा महिने येत नसे. "तिलाच सांगा, तिला कधी अडचण नसती," असं माझी चुलती सगळ्यांदेखत म्हणायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ती खाली मान घालून पुरण वाटत राहायची. डोहाळजेवण असलं की मात्र याच बायका तिला विसरायच्या.

वजन आम्हा दोघांचंही फार होतं. तिला जाडी म्हणत, मला भरल्या अंगाचा.

ऑपरेशनचं तिनेच ठरवलं. नगरच्या डॉक्टरांनी तिचं जठर लहान केलं. तिच्या रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेलं होतं, त्यानेच पाळी अडायची आणि हनुवटीवर केस यायचे. वजन उतरलं तसं तेही उतरलं, आणि पाळी दर महिन्याला येऊ लागली. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ती बाजूला बसली तेव्हा आई वैतागली.

"आता पुरण कोन घालनार?"

"तुम्ही घाला की," ती पडवीतून म्हणाली. हसत होती.

दीड वर्ष मूल नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती मुदत सरली, आणखी वर्ष गेलं, तेव्हा त्यांनी माझं रक्त मागितलं. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो.

"चरबी नुसती बसून राहत नाही, सर," डॉक्टर म्हणाले. "पुरुषाचं हार्मोन ती बाईच्या हार्मोनमध्ये बदलते. तुमचं फार खाली गेलंय. ऑपरेशननं बायकांमधलं पुरुषी हार्मोन उतरतं, पुरुषांमधलं चढतं. मूल होईलच अशी हमी देत नाही. पण विचार करा."

आईला मी फक्त वजनासाठी म्हणून विचारून पाहिलं.

"पोट कापून घ्यायला तू काय बाई हायेस? गड्याची ताकद जाती त्यानं."

मी कॉलेजचा ग्रंथपाल. उलट आहे हे मला कळत होतं, तरी आईच्या अडाणीपणाआड मी सोयीने लपलो. रिपोर्ट घरच्या कपाटातल्या एका जाड ग्रंथात ठेवला. बायकोला म्हणालो, "नॉर्मल आहे."

"मग माझ्यातच अजून काही असेल," ती म्हणाली, आणि पुन्हा तपासण्यांना लागली. सुया टोचून तिचे दंड काळेनिळे व्हायचे. मी सोबत जात असे. पाण्याची बाटली धरून बसत असे.

डेंग्यूने ती चार दिवसांत गेली.

वर्षश्राद्धही व्हायचं होतं आणि मामा स्थळ घेऊन आले. म्हणाले, "त्या बाईत दोष हुता. आता तुझा वंश चालल."

मी उठून रिपोर्ट काढला, त्यांच्यासमोर ठेवला आणि काय आहे ते सांगितलं. आई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही.

"तिला ठावं हुतं?"

"नाही."

"मग आता कुनाला सांगू नको. पोरीकडच्यांना तर न्हाईच."

"मेलेल्या मानसाला काय लागतंय?" मामा म्हणाले. "तुझं आयुष्य पडलंय म्होरं."

मी मुलीच्या वडिलांना फोन करून सांगितलं. चुलतीच्या घरी गेलो, चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोरही सांगितलं. हार्मोन, चरबी, सगळं, वर्गात शिकवावं तसं. कुणी हसलं नाही. चुलतीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता भावकीत बोलतात, बायको गेल्यापासून ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिचा दोष अंगावर घेतो. परवा चुलती कुणाला तरी सांगत होती, "असा नवरा मिळायलाबी नशीब लागतं. त्या वांझेला मिळाला."